पाचवी पायरी

माझ्या भिंतीवर सेमारांग हिरवं होतं.
एकशे चौदा ठिपके, प्रत्येकाखाली एक आकडा.
आकडा चढला की ठिपका पिवळा, मग लाल,
मग त्या त्या गल्लीतले फोन किणकिणायचे.
मी चहा ढवळत बसायचो
आणि शहर स्वतःचं स्वतः बघायचं.
पाहुणे यायचे, मी त्यांना बूट काढायला लावायचो,
म्हणायचो, स्मार्ट म्हणतात ते हेच.

पत्र कागदी होतं. चौकटीच्या वहीतलं पान,
त्याला सुक्या मासळीचा वास.
“तुमचा सत्तावन्न नंबरचा ठिपका खोटारडा आहे.
शनिवारी तो हिरवा होता.
शनिवारी आमच्या वर्गात
किनासिहच्या गुडघ्याला पाणी लागलं,
आणि किनासिह वर्गात सगळ्यात उंच.”
खाली तेवीस सह्या, एक अंगठा.

मी माणूस पाठवला. त्याने यंत्र पुसलं, तपासलं.
मी उत्तर लिहिलं: बिघाड नाही.
दोन शब्द. शिक्का मात्र मोठा.

दुसऱ्या पत्रात चित्र होतं.
“बू रातमिनी म्हणतात, चिडून लिहू नका, मोजून लिहा.
म्हणून मोजलं.
कपाटात सहा वर्षांपूर्वीच्या मुलांनी काढलेला
आपला पूल सापडला, त्याला पायऱ्या चार.
आज पाच आहेत.
पाचवी तेगारच्या बाबांनी बांधली,
आजीचा पाय पोचेना म्हणून.
पूल उंच झाला का, साहेब?
पूल उंच होतो का?”

मी गेलो. स्वतः.
ऑफिसचे बूट हातात घेऊन.

पूल उभा आहे खोल खांबांवर,
खालच्या टणक थरात पाय रोवून. तो हलत नाही.
गल्ली उभी आहे चिखलावर,
आणि चिखल बसतो, म्हाताऱ्या बैलासारखा,
हळूहळू, आधी पुढचे गुडघे टेकून.
यंत्र आम्ही पुलाला टांगलं होतं.
ते पाणी बघत होतं, इमानदारीत.
माणसं कुठवर खाली गेली
हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बू रातमिनीने मला बाकावर बसवलं.
बाकांखाली विटा, विटांवर शेवाळ,
भिंतीवर पाण्याच्या रेघा, एकावर एक,
प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने तारीख.
मग खडू दिला हातात.
“वजाबाकी करा,” म्हणाल्या, “मुलांना बघू दे
मोठ्या ऑफिसात कशी करतात.”
तशीच करतात. हातचा घेऊनच.
एकतीस सेंटिमीटर.
मागून कुणीतरी खुदकन हसलं,
कारण एकतीस त्यांना आधीच ठाऊक होतं.

अंगठा होता शाळेच्या शिपायाचा, पाक सार्मिनचा.
रेघा तो ओढायचा, पाणी ओसरायच्या आत,
तारीख मुलं घालायची.
त्याच्या फोनवर आमचा इशारा येतो तेव्हा
तो फोन घेऊन शेजारी धावतो:
वाच गं, काय म्हणतंय शहर?

परत येऊन मी शून्य खाली सरकवलं.
अर्ज, तीन सह्या, अकरा दिवस.
पुढच्या पौर्णिमेला पहाटे चार वाजता
सत्तावन्न पिवळा झाला,
आणि मी, काय सांगू, टाळी वाजवली
एकट्याने, त्या थंडगार खोलीत,
आणि मग लाज वाटली,
कारण तिकडे समुद्र दारात आला होता.

आता दर महिन्याला पाकीट येतं.
चौकटीचं पान, तोच वास, नवा आकडा.
गेल्या वेळी अंगठ्याच्या जागी
तीन अक्षरं होती, वाकडी, उरलेली दोन
कागदाच्या कडेवरून खाली पडलेली.

एकशे चौदापैकी एका ठिपक्याला शाळा आहे.
उरलेले एकशे तेरा
हिरवे आहेत.
मी हल्ली चहा ढवळत नाही.
हिरव्याकडे बघत बसतो.